मे-जूनमध्ये शेततळ्यातला मासा जिवंत बाजारात न्यायचा असेल तर

मंडळी, द्राक्षाची खरड छाटणी (एप्रिलमधली) झाली की बागेला पाणी चालू होतं आणि नाशिककडची, म्हणजे सिन्नर, चांदवड, निफाडची शेततळी मे संपेपर्यंत निम्म्यावर येतात, मग रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) जे काय टाकलंय ते थोड्या पाण्यात दाटीनं राहतं आणि सगळे एकदमच काढायच्या मागं लागतात. त्यात जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद, पुढं आखाड, म्हणजे श्रावण लागेपर्यंत गोड्या पाण्यातल्या माशाला गिऱ्हाईक आहेच. आणि टाकीत पोहणाऱ्या माशाला बर्फातल्या माशापेक्षा भाव चांगला मिळतो. फक्त तो बाजारापर्यंत जिवंत पोचला पाहिजे.

सगळ्यात आधी सांगतो, फवारणीचा ड्रम माशासाठी घेऊ नका. आपल्याकडं बागायतदाराच्या घरी दोनशे लिटरचे निळे ड्रम पडलेलेच असतात, तोच धुवायचा आणि पिकअपमध्ये टाकायचा असं सर्रास चालतं. कितीही धुवा, औषध प्लास्टिकच्या ओरखड्यांत, तळाच्या कडेला, तोटीच्या आट्यांत बसून राहतं. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं आणि मोरचूद (तांब्याचं बुरशीनाशक) माशाला इतक्या थोड्या प्रमाणात बाधतात की आपल्याला वासही येत नाही, आणि मासा मात्र तासाभरात आडवा. शिवाय तो मासा कुणाच्या तरी घरी खाल्ला जाणार आहे. बादली, पाइप, मग्गा हे सगळं वेगळं ठेवा, आणि सकाळी फवारणी केलेल्या माणसाला त्या दिवशी माशात हात घालू देऊ नका.

काढायच्या आदल्या दिवसापासून खाद्य बंद. पोट भरलेला मासा टाकीत घाण करतो, त्याचा अमोनिया होतो, पाण्यावर फेस धरतो आणि कल्ले जळतात. धरणावर होडीतून पकडणाऱ्यांनी मासा होडीतल्या टबात कोंबण्यापेक्षा पाण्यातच हापा (जाळीचा पिंजरा) बांधून त्यात सोडावा, काही तास तिथं राहिला तरी पोट बरंच रिकामं होतं आणि मासा शांत होतो.

पहाटे काढणं बरं कारण गारवा असतो, पण पहाटेच पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही तो ओढत असतात. म्हणून आदल्या रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा, नसेल तर मोटरनं तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर त्या वेळी जाळं ओढूच नका. जाळं बिनगाठीचं घ्या, हात ओले करून मासा धरा, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की लगेच दिसलं नाही तरी दोन दिवसांनी तिथं बुरशी येते. आणि पेपरवाल्या (प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या) तळ्यात उतरणारा माणूस कमरेला दोर बांधूनच उतरला पाहिजे, काठावर दुसरा माणूस पाहिजे. शेवाळलेल्या पेपरवर पाय घसरला तर पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, यात हयगय नको.

आता टाकीचं. समुद्रातल्या बोटीवर जिवंत मासा ठेवतात तिथं पंपानं ताजं खारं पाणी सारखं आत येतं आणि जुनं बाहेर जातं, आपल्या पिकअपमध्ये मात्र निघाल्यापासून पोचेपर्यंत तेच पाणी. 20 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागं साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसात, आणि नाशिक उंचावर असल्यानं आपल्याकडं त्याहूनही थोडा कमी. ऑक्सिजन 5 च्या खाली गेला की मासा त्रासात येतो. म्हणजे उन्हात हाताशी फार काही उरत नाही. बॅटरीवरचा एअर पंप आणि बुडबुड्याचे दगड दोन जोड ठेवा, एक बंद पडला तर हायवेवर दुसरा कुठून आणणार. दहा लिटर पाण्याला एक किलो मासा, याच्या वर भरू नका. झाकण घट्ट लावू नका, माशानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट पाहिजे.

गारव्यासाठी बर्फ थेट पाण्यात फोडून टाकू नका, पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या सोडा, तळ्यापेक्षा तीनचार अंश खाली पुरे आणि तेही हळूहळू. जाडं मीठ लिटरला 3 ते 5 ग्रॅम, म्हणजे पाचशे लिटरला दीड ते अडीच किलो, आधी बादलीत विरघळवून मग टाकीत. गोड्या पाण्यात माशाच्या अंगातलं मीठ सारखं बाहेर झिरपत असतं, घाबरला की जास्तच, टाकीत मीठ असलं की त्याला तेवढा आराम.

शहरात पोचल्यावर नळाचं पाणी सरळ टाकीत ओतू नका, त्यातलं क्लोरीन कल्ल्यांना चांगलं नाही. तळ्याचंच एक टाकीभर पाणी जादा घेऊन जा, आणि बाजारातल्या टाकीत टाकायच्या आधी दोन्ही पाणी दहापंधरा मिनिटं थोडं थोडं मिसळा. वाटेत कुठंही चहाला थांबलात तर आधी टाकीत बघा, गाडी उभी राहिली की पाण्याचं हिंदकळणं बंद होतं आणि सगळा भार पंपावर येतो. मेलेला मासा दिसला की लगेच काढा आणि वजनाइतक्याच बर्फात घाला, तो बर्फातला म्हणून त्या भावानं विका.