मासिंग मॉडेल करताना या चुका टाळा, मी केल्यात म्हणून सांगतो

जळगावला एका बंगल्याचं काम होतं, मासिंग म्हणजे तपशील न दाखवता इमारतीचा ढोबळ आकार, त्यासाठी स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नुसते डबे उभे करून दाखवायचे होते, पण मी शहाणपणा करून खिडक्या, रेलिंग, वर एक कडुनिंबाचं झाड पण टाकलं. झालं, घरमालक काका पाऊण तास रेलिंगच्या नक्षीवरच बोलत बसले भो, जिना कुठं, अंगण कुठल्या बाजूला हे राहूनच गेलं. तेव्हापासून पहिल्या मीटिंगला सगळं पांढरं. आणि डबे तीन वेगवेगळे न्यायचे, एकच नेला तर लोक नुसतं हो-नाही करतात, तीन असले की "याचं अंगण त्याला लावा ना" म्हणतात, खरं बोलणं तिथून सुरू होतं.

सगळ्यात मोठी गडबड उन्हाची. शॅडो ऑन करतात पण लोकेशन टाकत नाहीत, मग स्केचअप अमेरिकेतल्या बोल्डर गावच्या सावल्या दाखवतं. बोल्डर 40 अक्षांशावर, जळगाव 21 वर. 21 डिसेंबरला भर दुपारी 10 मीटर उंच डब्याची सावली तिथं 20 मीटर पडते, आपल्याकडं जेमतेम 10, म्हणजे अंगणाचा पूर्ण हिशोबच चुकला! लोकेशन टाकलं तरी उत्तर दिशा बघा, हिरवा अक्ष म्हणजे उत्तर, आणि आपण प्लॉट सरळ दिसावा म्हणून फिरवून ठेवलेला असतो, मग सावल्या चुकीच्या बाजूला पडतात. बरं, फक्त डिसेंबर बघून पण भागत नाही. मे अखेरीला दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, खरा मार 4 वाजता पश्चिमेच्या भिंतीला बसतो, त्यामुळे डब्याची लांब बाजू तिकडं करू नका. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उगाच नव्हत्या.

बाकी किरकोळ. एक डबा हलवला की शेजारचा ओढला जातो? त्याच्या सगळ्या बाजू एकत्र बांधून ग्रुप केलेला नसतो. रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मास, म्हणजे हाच डबा, दिसतच नाही? शो मास हे बटण बंद असतं. मास बदलला पण त्यावरून काढलेली भिंत जागची हलत नाही तर ती सिलेक्ट करून अपडेट टू फेस दाबा, आपोआप काही होत नाही. थर्माकोलचं मॉडेल करत असाल तर 1:200 स्केलला 3 मीटरचा मजला 15 मिलिमीटर.

आणि गच्चीवरची टाकी, जिन्याची खोली डब्यात धरा. मी एकदा धरली नाही, हिवाळ्यात उत्तरेच्या शेजारणीचा सोलर बरोबर त्या टाकीच्याच सावलीत, मावशी अजून मला बघून तोंड फिरवतात.