संग्रहालयातील उन्हाळी चेंबर म्युझिक मालिका कशी आखावी

चेंबर म्युझिक हे मुळात खोलीत वाजवण्यासाठी लिहिलेले संगीत आहे. दोनापासून आठ-नऊपर्यंत वादक, प्रत्येकाचा भाग स्वतंत्र, समोर हातवारे करून वादकांना ताल देणारा संचालक नाही आणि ध्वनिवर्धकाची गरज नाही, अशी त्याची रचना असल्यामुळे संग्रहालयाचे मध्यम आकाराचे दालन त्याला चांगले मानवते. तरीही अशा मालिका फसतात, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे कारण कामाचा क्रम हे असते. आयोजक आधी कलाकृतींची यादी करतात, मग वादक ठरवतात आणि दालनाचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा करावा.

दालन पाहायला जाताना ज्या महिन्यात आणि ज्या वेळी मैफल होणार आहे, शक्यतो त्याच महिन्यात त्याच वेळी जावे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी उंच खिडकीतून येणारे तिरपे ऊन नेमके दुसऱ्या व्हायोलिनवादकाच्या डोळ्यांवर पडते, ही गोष्ट हिवाळ्यातल्या भेटीत कळत नाही. त्यानंतर दालनाच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी आणि तिचा निनाद विरायला किती वेळ लागतो ते मोजावे.

या मोजणीचे शास्त्रही योगायोगाने एका संग्रहालयातच सुरू झाले. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात होते. तेथील रिकाम्या सभागृहात निनाद साडेपाच सेकंदांच्या आसपास टिकत असे. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या कमी-जास्त करत मोजमापे घेतली आणि त्यातून एक साधा नियम काढला: दालनाचे घनमीटरमधील आकारमान 0.161 ने गुणावे आणि ध्वनी शोषणाऱ्या एकूण क्षेत्रफळाने भागावे, म्हणजे निनादाचा काळ सेकंदांत मिळतो. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि आठ मीटर उंच अशा दालनाचे आकारमान 1,920 घनमीटर होते. दगडी फरशी आणि गुळगुळीत भिंती यांमुळे तेथील शोषणक्षेत्र केवळ 80 चौरस मीटर असेल, तर निनाद जवळजवळ चार सेकंद टिकेल. बसलेला एक श्रोता साधारण अर्धा चौरस मीटर शोषण करतो असे धरले, तर 120 श्रोत्यांमुळे हाच काळ सव्वादोन सेकंदांच्या आसपास येतो. चेंबर म्युझिकला साधारण दीड सेकंद मानवतो. त्यामुळे अशा दालनात वादकांच्या पायांखाली जाड गालिचा आणि शक्य असल्यास बाजूच्या भिंतीशी उभे पडदे लावावे लागतील. मोकळ्या दालनातील तालमीवरून वादकांनी वेग ठरवू नये, हेही यातूनच निघते, कारण श्रोते येऊन बसल्यावर दालन वेगळेच वाजते.

श्रोत्यांची दुसरी बाजू मात्र संग्रहालयाच्या संवर्धकांना, म्हणजे कलावस्तूंची जपणूक करणाऱ्या तज्ज्ञांना, नकोशी असते. शांत बसलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता आणि तासाला चाळीस ते पन्नास ग्रॅम पाण्याची वाफ सोडतो. म्हणजे 120 श्रोते तासाभरात सुमारे पाच ते सहा लिटर पाणी दालनाच्या हवेत मिसळतात. अनेक मोठ्या संग्रहालयांनी स्वीकारलेल्या मर्यादांनुसार तापमान 16 ते 25 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 40 ते 60 टक्के असावी, आणि चोवीस तासांत आर्द्रतेत दहा टक्क्यांहून मोठा चढउतार होऊ नये. म्हणून आसनांची संख्या तिकिटांच्या हिशेबावरून न ठरवता वातानुकूलन यंत्रणेच्या क्षमतेवरून ठरवावी, आणि ती संवर्धकांकडून लेखी घ्यावी. पंख्याचा आवाज खुपतो म्हणून मैफलीच्या वेळी यंत्रणा बंद ठेवण्याची विनंती वादक हमखास करतात. ती मान्य होणार नाही. त्याऐवजी मैफलीपूर्वी दालन थोडे अधिक थंड करून मैफलीच्या काळात यंत्रणा मंद गतीवर ठेवता येईल का, हे विचारावे.

सुदैवाने वाद्यांनाही तीच स्थिर हवा हवी असते. आर्द्रता वाढली की लाकूड फुगते आणि आतड्याच्या तारा सुरात राहत नाहीत. उष्णता वाढली की बासरी आणि क्लॅरिनेट यांचा स्वर चढतो, तर पियानोचा तसा चढत नाही. त्यामुळे वाद्ये किमान तासभर आधी त्याच दालनात उघडून ठेवावीत. पियानो शक्यतो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा ग्रँड पियानो साडेचारशे ते पाचशे किलोंचा असतो आणि त्याचा सगळा भार तीन पायांवर येतो. तो दालनात नेण्यासाठी जमिनीच्या भारक्षमतेची तपासणी, प्रत्येक मैफलीपूर्वी सुरांची जुळणी आणि मालिकाभर सुरक्षित जागा यांची तजवीज करावी लागते. चेलोच्या खालच्या टोकदार दांड्यासाठी लाकडी पाटी किंवा खुर्चीला अडकवायचा पट्टा आठवणीने ठेवावा. जुन्या लाकडी जमिनीवर पडलेले एक भोक पुढची सगळी बोलणी थांबवू शकते. तालमीच्या दिवशी चेलोवादकाला सर्वांत खालच्या स्वरापासून एकेक स्वर चढत सावकाश वाजवायला सांगावे आणि स्वतः काचेच्या कपाटांजवळून फिरावे. एखादी काच किंवा फळी विशिष्ट स्वराला गुणगुणू लागते, आणि तेवढे कपाट अभिरक्षकांकडून (संग्रहाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांकडून) आधीच नीट करून घेता येते.

एवढे झाल्यावर कार्यक्रमाकडे वळावे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मध्यंतर न घेता साठ ते सत्तर मिनिटांचा कार्यक्रम सर्वांत चांगला जमतो, कारण मध्यंतर ठेवले की खाद्यपेये आली आणि ती दालनात चालत नाहीत. मोत्सार्टचे 1789 मधील क्लॅरिनेट क्विंटेट (क्लॅरिनेटसह पाच वाद्यांची रचना) आणि राव्हेलचे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आसपासचे असल्याने एका संध्याकाळी सहज बसतात. शूबर्टचे 1828 मधील दोन चेलोंचे क्विंटेट मात्र पन्नास मिनिटांचे असून त्याच्याशेजारी काहीही ठेवू नये. निनाद जास्त असलेल्या दालनात हायडनचे वेगवान शेवटचे भाग चिखलासारखे होतात, तर संथ भाग फुलतात. द्वोर्झाकने 1893 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावी लिहिलेले क्वार्टेट अशा मालिकेसाठी जणू तयारच आहे. सॅम्युएल बार्बरचे पाच सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांसाठीचे ‘समर म्युझिक’ही घेता येईल, ते 1956 मध्ये डेट्रॉइटच्या कला संग्रहालयातच प्रथम वाजले, अर्थात मार्च महिन्यात. अलीकडच्या संगीतकारांच्या रचनांसाठी सादरीकरणाचे हक्क आधी तपासावेत.

चित्र आणि संगीत एकाच दशकातले आहे एवढ्यावरून जोडी लावणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कंटाळवाणा मार्ग आहे. जोडी लावायचीच असेल, तर आधी चित्रासमोर उभे राहून अभिरक्षकांना पाच मिनिटे बोलू द्यावे आणि मग वादन ठेवावे. वादन चालू असताना पडद्यावर चित्रे दाखवू नयेत.

वार आणि वेळ मात्र बदलू नयेत. युद्धकाळात चित्रे सुरक्षित स्थळी हलवल्यामुळे रिकाम्या झालेल्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर 1939 मध्ये एक शिलिंग प्रवेशशुल्कात दुपारच्या मैफली सुरू केल्या, आणि 1946 पर्यंत तेथे 1,698 मैफली झाल्या. सोमवार ते शुक्रवार जेवणाच्या सुट्टीत संगीत असणारच, हे लोकांना पाठ झाले होते. आठवड्यातून एकदाच मैफल ठेवणाऱ्या उन्हाळी मालिकेला तर या नियमितपणाची अधिकच गरज आहे.

उरलेल्या गोष्टी छोट्या आहेत. वादकांच्या खुर्च्यांना हात नसावेत, त्यांच्या स्टँडवरचे दिवे थंड एलईडीचे असावेत आणि त्यांचा झोत चित्रांवर पडू नये. ताज्या फुलांचे गुच्छ दालनात आणू नयेत, कारण त्यांच्याबरोबर कीटक येतात. सुरक्षा रक्षकांना तालमीला आवर्जून बोलवावे; संथ भागात त्यांच्या बुटांचा आणि वॉकी-टॉकीचा आवाज किती दूर जातो, हे त्यांना तेथेच कळते. मैफल संपल्यावर श्रोत्यांना गर्दी न करता बाहेर जाता यावे म्हणून दारे दोन्ही बाजूंनी उघडावीत, खुर्च्या ओढण्याऐवजी उचलून न्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आर्द्रतेच्या नोंदीचा आलेख संवर्धकांबरोबर बसून पाहावा. पुढच्या आठवड्यात किती आसने मांडायची हे त्या आलेखावरून ठरवावे.