लॅपटॉप की डेस्कटॉप-टॅबची जोडी? खेड्यात कम्प्युटर घेताना या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या दुकानांत कम्प्युटरची विचारपूस वाढते. कंपनी कोणती, किंमत किती, हे सगळे विचारतात. विदर्भातल्या खेड्यात त्याच्याही आधी पाहायचं ते वेगळं आहे. घरात लाईट कशी येते? ज्या खोलीत मशीन राहणार ती मे महिन्यात किती तापते? आणि वापरणारा बारा महिने गावात राहणार, की उद्या नागपूर-अमरावतीच्या होस्टेलवर जाणार?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन घराबाहेर जाणार नसेल तर डेस्कटॉप आणि सोबत साधा टॅब ही जोडी खेड्यात जास्त वर्षं चालते, कारण डेस्कटॉपचा प्रत्येक भाग तालुक्याला सुटा मिळतो. कीबोर्ड गेला तर कीबोर्ड बदला, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) गेला तर एसएमपीएस. मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेर पडणार असेल, किंवा घरची लाईनच वाईट असेल, तर लॅपटॉप घ्या. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन पाहता निवड चुकण्यापेक्षा पुढच्या चुकाच लोकांना महागात पडतात.

लाईटचा खर्च हिशेबात न धरणं

डेस्कटॉप स्वस्त पडतो हे खरं, पण दुकानातल्या कोटेशनवर यूपीएस (लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा बॅटरीचा डबा) बहुधा नसतो. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. डेस्कटॉप त्याच क्षणी बंद पडतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो. वारंवार असं झालं की विंडोज बिघडते, जुनी हार्ड डिस्क असेल तर तीही. म्हणून किमतीची तुलना ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसची ताकद) यूपीएस धरूनच करा. त्यात साधारणपणे १२ व्होल्ट, ७ एएचची छोटी बॅटरी असते. मॉनिटरसकट शंभर वॅटच्या आसपास लोड असला तर ती पंधरा मिनिटं कशीबशी काढते. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढी पुरते. दोन-तीन वर्षांत ही बॅटरी बसते, तेव्हा अख्खा यूपीएस टाकू नका, बॅटरी तेवढी बदलून घ्या. आणि लेझर प्रिंटर या यूपीएसला कधीच लावू नका. गरम होताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होतो आणि सगळंच बंद पडतं.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांची तक्रार वेगळी असते. "भाऊ, लाईट गेली का पंखा चालूच राह्यते, पण कम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होते. काऊन बाप्पा?" इन्व्हर्टर बिघडलेला नसतो. त्याच्या समोर किंवा मागे एक लहानसं बटण असतं. एका बाजूला यूपीएस लिहिलेलं असतं, दुसऱ्या बाजूला कंपनीप्रमाणे इको किंवा नॉर्मल. इकोवर असताना लाईनवरून बॅटरीवर यायला इन्व्हर्टर किंचित जास्त वेळ घेतो. सेकंदाचा अगदी छोटा भाग, पंख्याला कळतही नाही, पण तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसकडे केलं की बहुतेक घरांत तक्रार मिटते. मात्र यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही. व्होल्टेज साधारण १८०च्या खाली गेलं की लाईट असूनही तो बॅटरीवर जातो, आणि रात्री खऱ्या गरजेच्या वेळी बॅटरी रिकामी असते. ज्यांच्याकडे व्होल्टेज रोज पडतं त्यांनी इन्व्हर्टर इकोवरच ठेवावा आणि डेस्कटॉपला छोटा यूपीएस वेगळा लावावा.

व्होल्टेजचा प्रश्न ओलिताच्या दिवसांत जास्त असतो. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) मोटरी चढल्या की घरातला बल्ब मंदावतो. अशा वेळी लॅपटॉपच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचून पाहा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे १६० व्होल्टलाही तो निमूट चार्ज करतो. स्वस्त डेस्कटॉपच्या एसएमपीएसवर बरेचदा १८० किंवा २००पासूनचा आकडा असतो. तुमची डीपी कायमच ओढाताणीची असेल, तर लॅपटॉपच्या बाजूने हे सगळ्यात मोठं कारण आहे. वावरात राहणाऱ्यांचं तर विचारूच नका. शेतीच्या फीडरवर (शेतीसाठीच्या वेगळ्या लाईनवर) ठरावीक तासच लाईट, तिथे डेस्कटॉपचा हट्ट धरू नये.

आणखी एक गैरसमज: स्पाइक गार्ड (झटका अडवणारा एक्स्टेन्शन बोर्ड) लावला म्हणजे व्होल्टेजची काळजी मिटली. स्पाइक गार्ड अचानक आलेला उंच झटका थोडाफार अडवतो, कमी झालेलं व्होल्टेज वाढवत नाही. जवळ पडलेल्या विजेपुढे तर त्याचं काहीच चालत नाही. मृगाच्या आणि परतीच्या पावसात आभाळ गडगडू लागलं की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरपासून येणारी तांब्याची नेटची वायरही काढा, कारण मदरबोर्ड जळतो तो कित्येकदा तिकडून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर असू द्या, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. घरात कम्प्युटर नसला तरी वावरात जाणाऱ्याच्या फोनवर ते असावंच.

झिणझिण्यांकडे दुर्लक्ष

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून बोट फिरवलं की खरखर जाणवते. "थोडासा करंट मारते" म्हणून लोक वर्षानुवर्षं चालवून घेतात. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल या लाईटच्या दोन्ही वायरींकडून बॉडीला जोडलेले असतात. घराला अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर जवळजवळ अर्धं व्होल्टेज उभं राहतं. हा करंट अगदी लहान असतो, पण पेनड्राइव्ह आणि प्रिंटरचे पोर्ट त्यानेही खराब होऊ शकतात. आणि त्याच बोर्डावर कूलर असेल तर गोष्ट पोर्टपुरती राहत नाही. दरवर्षी कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

जुन्या कवेलूच्या घरांत थ्री-पिन बोर्ड असतो, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नसते. वायरमनला मल्टिमीटर लावून पाहायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे जेवढं फेज आणि न्यूट्रल यांच्यात दिसतं. नसेल तर आधी खड्डा करून अर्थिंग घ्या, मग मशीन आणा. अर्थिंगसाठी हँडपंपाची पाइप किंवा खिडकीचा गज वापरू नका.

उन्हाळा आणि कापूस विसरणं

बहुतेक लॅपटॉप आणि टॅब ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत असे बनवलेले असतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त. लॅपटॉप पंखा भन्नाट फिरवतो, तरी भागलं नाही की स्वतःचा वेग कमी करतो, शेवटी बंद होतो. लोक म्हणतात व्हायरस आला, आणि फॉरमॅट मारून आणतात. दुपारी मंद आणि पहाटे झकास चालत असेल तर तो व्हायरस नव्हे, ऊन आहे.

लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत भरलेलं पोट, दोन्ही एकत्र सोसत नाही. दिवसभर चार्जरवर असलेला लॅपटॉप अशा गरमीत ठेवला की बॅटरी लवकर थकते, कधी फुगते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक होईनासा झाला, तर खालची बॅटरी फुगली असं समजा. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबू-टोचू नका, बदलून घ्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. घरीच वापर असेल तर मार्चपासून ती चालू करून ठेवा.

आता कापसाचं. भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. डिसेंबर ते मार्च आतल्या खोलीत कापूस आणि ओसरीत पोरांचा अभ्यास. अशा घरातला लॅपटॉप उघडला की आतलं चित्र ठरलेलं असतं. पंख्यातून हवा ज्या बारीक धातूच्या पात्यांच्या जाळीतून बाहेर जाते, त्या जाळीच्या तोंडाशी, पंखा आणि पाती यांच्या मधोमध, करड्या तंतूंचा पट्टा बसलेला असतो, पेळूसारखा घट्ट. बाहेरून काही दिसत नाही. पंखा फिरत असतो, आवाजही येतो, पण हवा बाहेर पडत नाही. चिमट्याने तो पट्टा अख्खाच्या अख्खा ओढून निघतो, आणि मशीन नवी असल्यासारखी चालते. बाहेरून ब्लोअर मारून हे निघत नाही, उलट आणखी आत दाबलं जातं. ब्लोअर मारायचाच तर आधी पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर हवेच्या जोराने पंखा वाजवीपेक्षा जास्त गरगरून त्याचं बेअरिंग जातं.

लॅपटॉपचं खालचं झाकण उघडणं सगळ्यांना जमत नाही. डेस्कटॉपचे बाजूचे दोन स्क्रू काढले की नववीतलं पोरगंही ब्रशने साफ करू शकतं. ज्या घरात कापूस, तुरीचं कुटार आणि सोयाबीनच्या मळणीची धूळ आहे, तिथे डेस्कटॉपच घ्या असं मी म्हणतो ते यासाठी. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, वीतभर उंच स्टुलावर ठेवा, आणि मागच्या रिकाम्या खाचा पट्ट्या लावून बंद करा. तिथून उंदीर आत जातो. कूलरच्या थेट झोतातही मशीन नको, तुषार आणि ओल दोन्ही आत जातात.

"आय-५ आहे" एवढ्यावर जुनी मशीन घेणं

नागपूरहून येणारे जुने ऑफिसचे डेस्कटॉप, डेलचे ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीचे प्रोडेस्क, मजबूत असतात आणि घ्यायला हरकत नाही. पण आय-५ हे नाव पंधरा वर्षं जुन्या प्रोसेसरलाही आहे. त्यापुढचा आकडा पाहा. आय-५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय-५-८५०० म्हणजे आठवी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी लागते. चौथ्या-सहाव्या पिढीवर दुकानदार विंडोज ११ चढवूनही देईल, पण ते अधिकृत नाही आणि पुढचे अपडेट अडू शकतात. अशी मशीन स्वस्तात आली तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून अभ्यासाला चालते, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरला नाही.

नवा लॅपटॉप घेताना उलटी चूक होते. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली मंद मेमरी) स्टोरेज आणि बोर्डावरच चिकटवलेली ४ जीबी रॅम असते. दोन्ही पुढे वाढवता येत नाहीत. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) यांच्याखाली जाऊ नका.

टॅबकडून कम्प्युटरची कामं करून घेणं

टॅब वाचायला, व्हिडिओ लेक्चरला, स्टायलस असेल तर गणितं सोडवायला छान आहे, आणि लाईट नसताना तासन्‌तास चालतो. पण डिजिटल सहीचं टोकन (सहीसाठीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा), टॅली, ऑफिसची मोठी कामं यांना विंडोजच लागते. टायपिंगच्या शासकीय परीक्षेचा सराव टॅबच्या काचेवर होत नाही, त्याला पूर्ण मापाचा कीबोर्ड हवा. सीईटीसारखी परीक्षाही कम्प्युटरसमोर, हातात माउस घेऊन द्यायची असते. पोरगी वर्षभर टॅबवरच सराव करत असेल तर शेवटचे दोन महिने तिला डेस्कटॉपवर बसवा.

टॅब विकत घेण्याआधी एक चौकशी करा. नागपूरची महाज्योती ही संस्था जेईई, नीट, सीईटीच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना टॅब देत आली आहे. घरात तो आला असेल, येणार असेल, तर जोडीतला टॅबचा खर्च वाचला. विकत घेणारच असाल तर सिमवाला घ्या. नुसत्या वायफायचा टॅब म्हणजे बापाचा फोन घरी अडकून पडणार.

दुकानात नेण्याआधी हे करून पाहा

सगळ्या वेबसाइट एकाएकी सुरक्षिततेची चूक दाखवू लागल्या तर कोपऱ्यातली तारीख पाहा. ती मागच्या कुठल्यातरी वर्षाची असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. डेस्कटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी: प्लग काढून रॅम बाहेर घ्या, तिची सोनेरी पट्टी पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, खटकन बसेपर्यंत परत लावा. लॅपटॉप अजिबात दाद देत नसेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा.

जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतं, म्हणून लोक परत करायला निघतात. फोन डेटा केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने देण्याची सोय) चालू करा, नेट सुरू होतं. रोजचा डेटा सकाळीच संपत असेल तर विंडोजमध्ये त्या कनेक्शनला मीटर्ड (मोजका डेटा असलेलं) करा, म्हणजे मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत.

वॉरंटीबद्दल एवढंच. घरपोच सेवा असं बॉक्सवर लिहिलेलं असलं तरी ती तुमच्या पिनकोडवर आहे का ते पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. एटापल्ली किंवा धारणीहून लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं म्हणजे दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. ते केंद्र कोणत्या शहरात आहे, हे बिलाच्या मागेच लिहून घ्या.