सुरुवात कचऱ्याच्या बादलीपासून करा

स्वभाव सुधारायचा म्हणून 'प्रामाणिकपणा', 'संयम' असले मोठे शब्द वहीत लिहून ठेवले, तर ते वहीतच राहतात. त्याऐवजी रोज करावंच लागणारं एखादं बारीकसं काम निवडा. फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हात असला पाहिजे.

पुण्यात असं काम घरोघरी आहे, ते म्हणजे कचरा. 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक मावशी दारात येऊन तो नेतात आणि पुढे हातानेच निवडतात. तुम्ही बादलीत जे निष्काळजीपणे टाकाल, ते त्यांच्या बोटांना लागतं.

ग्लास फुटला तर आधी पायात चप्पल घाला. मोठे तुकडे जाड कागदावर घ्या, बारीक कण ओल्या वर्तमानपत्राने टिपा. सगळं वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळून खोक्यात ठेवा, सुतळीने बांधा आणि वर ठळक 'काच' लिहा. हे पुडकं बादलीत सरकवू नका. वेगळं हातात द्या आणि काय आहे ते तोंडाने सांगा. सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडून पाहावी लागत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटलेला तुकडा इतका छोटा असतो की तो वेचणं कोणाला जमत नाही. पिशवी अर्धा कप पाण्याने विसळा, ते पाणी चहात घाला आणि पिशवी उलटी करून वाळत लावा. आणि मावशींचं नाव विचारून घ्या, उद्यापासून नावाने हाक मारा.

पहिले चार दिवस हे उत्साहात होतं. पाचव्या दिवशी मार्कर सापडत नाही, दारात घाई असते, आणि काच तशीच बादलीत जाते. इच्छा असूनही गाडी अडते ती सामानापाशी. म्हणून मार्कर, सुतळी आणि जुने पेपर एका पिशवीत घालून ती बादलीच्या वरच खिळ्याला अडकवा. महिनाभर हे एवढंच करा. चुकलेल्या दिवसाला कॅलेंडरवर गोल करा; लागोपाठ दोन गोल दिसले तर काम आणखी लहान करा, उदाहरणार्थ फक्त दुधाची पिशवी. एकदम पाच नियम धरणाऱ्याचे पाचही सुटतात.

या महिन्यात सोसायटीतल्या कोणालाही उपदेश करू नका. दुसऱ्याची बादली तपासायला लागलं की आपल्या बादलीवरचं लक्ष उडतं, शिवाय शेजारी दुखावतात ते वेगळंच.

पुढच्या महिन्यात सिग्नल घ्या. रात्री चौकात पोलीस नसताना स्टॉप लाइनच्या मागे थांबायचं, झेब्रा क्रॉसिंग मोकळं ठेवायचं. मागून हॉर्न वाजतील, तेव्हा गाडी पुढे ढकलावीशी वाटेल. पाय जमिनीवर टेकवा, हात ब्रेकवर ठेवा. घाईत हे जमत नाही, म्हणून घरातून दहा मिनिटं आधी निघा.

सगळ्यात अवघड सवय माफी मागण्याची, ती शेवटी ठेवा. चूक झाली त्याच दिवशी, समोर जाऊन किंवा फोनवर, तीनच वाक्यं बोला: काय चुकलं, त्याचा समोरच्याला काय त्रास झाला, आता मी काय करणार. 'काल तुमच्या दारासमोर गाडी लावली. तुम्हाला रिक्षा आत आणता आली नाही. आजपासून मागच्या बाजूला लावतो.' यात 'पण' आला की माफीचं भांडण होतं. 'वाईट वाटलं असेल तर' हेही नको. वाईट वाटलेलंच आहे. बोलून झालं की गप्प राहा. समोरचा लगेच 'असू दे' म्हणाला नाही तरी त्याच्या मागे लागू नका. संध्याकाळी गाडी मात्र मागच्या बाजूलाच लावा.