टेम्प्लेट भरणार कोण, ते आधी बघा

आमच्या टीममध्ये नवीन मुलगा किंवा मुलगी आली, की पहिल्या दिवशी मी कोड उघडू देत नाही. एका टॅबमध्ये पुणे जिल्ह्याची सरकारी वेबसाइट उघडा, दुसऱ्यात साताऱ्याची, आणि अर्धा तास नुसतं बघा, असं सांगतो. जिल्ह्याविषयी, विभाग, पर्यटन, सूचना हे भाग दोन्हीकडे सारखेच सापडतात. या साइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या ‘एस थ्री वास’ या व्यवस्थेवर उभ्या आहेत. रचना एकच, मजकूर ज्या त्या जिल्ह्याचा. मग मी विचारतो, साताऱ्यातली सूचना कोण टाकत असेल? त्या व्यक्तीसमोर कोणती चौकट येत असेल? तिला काय बदलता येत असेल आणि काय नाही? यावर बोलणं सुरू झालं, की टेम्प्लेटचं, म्हणजे साच्याचं, काम कशाशी खातात ते कळायला लागतं.

मी स्वतः २०१४ पासून लाइफरेवर काम करतोय. लाइफरे हे जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालणारं पोर्टल सॉफ्टवेअर. पोर्टल म्हणजे माहिती आणि सेवा एकाच दारातून देणारी मोठी साइट. ब्रायन चॅन यांनी २००० साली ना-नफा संस्थांसाठी म्हणून ते सुरू केलं आणि पुढे मोठ्या कंपन्यांची आतली पोर्टलं त्यावर उभी राहिली. मी आलो तेव्हा ६.२ आवृत्ती चालू होती. पुण्यात आजही या कामाला माणसं लागतात आणि फ्रेशर्सना हे काम सहसा ‘टेम्प्लेटचं किरकोळ काम’ म्हणून दिलं जातं. ते किरकोळ नाही, हे सांगण्यासाठीच लिहितोय.

पहिली अडचण शब्दाची. लाइफरेत ‘टेम्प्लेट’ हा एकच शब्द बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टींना लागतो. अख्ख्या साइटचा साचा म्हणजे साइट टेम्प्लेट. एका पानाचा साचा म्हणजे पेज टेम्प्लेट. बातमी, सूचना, परिपत्रक असा मजकूर कसा दिसावा हे ठरवणारं वेब कंटेंट टेम्प्लेट, आणि त्याच्या मागे ‘कोणती फील्ड भरायची’ हे ठरवणारं स्ट्रक्चर. मेनू, यादी, ब्लॉग यांसारख्या विजेटचं, म्हणजे पानावर ठेवायच्या तयार भागाचं, रूप बदलणारं विजेट टेम्प्लेट, ज्याला ६.२ मध्ये ॲप्लिकेशन डिस्प्ले टेम्प्लेट म्हणायचे. ७.१ मध्ये फ्रॅगमेंट, म्हणजे पान जुळवायचे छोटे तुकडे, आले, ७.३ मध्ये मास्टर पेज, म्हणजे अनेक पानांना सामाईक अशी बाहेरची चौकट. मीटिंगमध्ये कुणी ‘टेम्प्लेट बदलायचंय’ म्हणालं, तर मान डोलावू नका. ‘कुठलं?’ एवढं विचारा. नवीन असताना हे विचारायला संकोच वाटतो, पण समोरच्यालाही बऱ्याचदा नक्की माहीत नसतं.

आता स्ट्रक्चरबद्दल, कारण सगळं तिथे ठरतं.

माझा पहिला मोठा प्रोजेक्ट एका वित्तसंस्थेचा होता. नव्वदेक शाखा, प्रत्येक शाखेची पोर्टलवर आपली छोटी साइट, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. सूचनेचं स्ट्रक्चर मी केलं होतं. शीर्षक, उपशीर्षक एक, उपशीर्षक दोन, मजकूर, चित्र. डिझाइनच्या चित्रात मोठ्या अक्षरांच्या खाली दोन बारीक ओळी दिसत होत्या, म्हणून दोन उपशीर्षकं. तीन आठवड्यांनी प्रशिक्षणासाठी एका शाखेत गेलो. तिथे सूचना टाकणाऱ्या मॅडम कॅश काउंटरच्या मागच्या टेबलावर बसायच्या, मधून मधून उठून पासबुकही छापून द्यायच्या. त्यांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, “सर, हे उपशीर्षक दोन म्हणजे मी नक्की काय लिहायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रोज काय टाकतात ते मग बसून पाहिलं. व्याजदर बदलला, शाखा अमुक दिवशी बंद, लॉकरधारकांनी केवायसी द्यावं. प्रत्येक सूचनेला दोन तारखा होत्या, कधीपासून लागू आणि कधीपर्यंत लागू. माझ्या स्ट्रक्चरमध्ये तारखेचं फील्डच नव्हतं, म्हणून त्या तारीख शीर्षकात टाइप करत होत्या. प्रत्येक शाखा आपापल्या पद्धतीने. कुठे टिंबं, कुठे तिरक्या रेघा, कुठे ‘दि.’ लावून. त्यामुळे मुदत संपलेली सूचना आपोआप खाली उतरवण्याची सोय करणं अशक्यच होतं.

परत येऊन स्ट्रक्चर नव्याने केलं. सूचनेचा विषय, कोणासाठी, कधीपासून, कधीपर्यंत, सविस्तर माहिती, संपर्कासाठी टेबल नंबर. ‘कोणासाठी’मध्ये ठरलेले पर्याय दिले. प्रत्येक फील्डखाली मदतीची एक ओळ लिहिली, मॅडम बोलतात त्याच भाषेत. तेव्हापासून एक नियम पाळतो. स्ट्रक्चरच्या फील्डची नावं डिझाइनच्या चित्रावरून ठरवायची नाहीत, भरणाऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द ऐकून ठरवायची. शक्य असेल तर त्याच्या शेजारी तासभर बसून यायचं. कंपनी पाठवत नसेल तर फोनवर स्क्रीन शेअर करायला सांगा. पण बघितल्याशिवाय स्ट्रक्चर करू नका.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो. फील्डला दोन नावं असतात, एक भरणाऱ्याला दिसणारं लेबल आणि एक आतलं, जे टेम्प्लेटच्या कोडमध्ये वापरतात. लेबल कधीही बदला, काही बिघडत नाही. आतलं नाव बदललं, की त्या नावावर विसंबलेलं प्रत्येक टेम्प्लेट मोडतं. म्हणून आतली नावं पहिल्याच दिवशी नीट, अर्थ कळेल अशी द्यायची. आपोआप तयार झालेलं आकड्यांचं शेपूट तसंच ठेवायचं नाही.

दुसरं असं, की फील्ड नंतर वाढवलं तर जुन्या मजकुरात ते नसतंच. टेम्प्लेट लिहायची भाषा आहे फ्रीमार्कर, आणि नसलेल्या गोष्टीच्या बाबतीत ती फार कडक आहे. मागितलेली वस्तू मिळाली नाही, की तिथेच थांबते आणि मजकुराच्या जागी एरर छापते. आम्ही ‘संपर्क’ हे फील्ड वाढवलं आणि जुन्या सगळ्या सूचनांच्या जागी एरर झळकला. उपाय साधा आहे. नावापुढे दोन प्रश्नचिन्हं लावून ‘ही गोष्ट आहे का?’ असं आधी विचारायचं, मगच छापायची. ही सवय पहिल्या आठवड्यात लावून घ्या.

मराठी पोर्टलवर काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. होमपेजवरच्या छोट्या कार्डात शीर्षक मावावं म्हणून आम्ही ते २५ अक्षरांवर कापून पुढे तीन टिंबं लावत होतो. इंग्रजीत छान दिसत होतं. मराठीत ‘मुदत ठेवींवरील सुधारित व्याजदर’ हे शीर्षक आलं आणि कार्डावर ‘मुदत ठेवींवरील सुधारित व्…’ असा पाय मोडलेला ‘व’ लटकला. आपल्याला ‘व्या’ हे एक अक्षर वाटतं, पण संगणकाच्या हिशेबात त्यात व, हलन्त, य आणि काना असे चार तुकडे आहेत. २५ वा तुकडा नेमका हलन्तावर पडला. कधी मात्रा गळते आणि शब्दाचा अर्थच बदलतो, ते तर जास्त वाईट, कारण चटकन लक्षातही येत नाही. म्हणून टेम्प्लेटमध्ये मजकूर मोजून कापू नये. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ओळींची मर्यादा द्यावी, किंवा कापायचंच असेल तर शेवटच्या पूर्ण शब्दावर कापावं. चाचणी करताना ‘लोरेम इप्सम’ हा जागा भरायचा लॅटिन मजकूर भरू नका. रफार, जोडाक्षरं, दीर्घ वेलांट्या असलेला खरा मराठी मजकूर भरा. ओळींमधलं अंतर कमी पडतंय का, वरच्या मात्रा छाटल्या जातायत का, तेही तेव्हाच दिसतं.

आता कॅश, म्हणजे एकदा तयार झालेलं पुन्हा दाखवायला साठवून ठेवणं. त्याबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. वेब कंटेंट टेम्प्लेटच्या सेटिंगमध्ये ‘कॅशेबल’ अशी खूण असते आणि ती मुळातच चालू असते. आमच्यातल्या एकाने सूचनेच्या टेम्प्लेटमध्ये वर ‘नमस्कार’ आणि लॉगिन केलेल्याचं नाव टाकलं. त्याच्या मशीनवर त्याचंच नाव दिसायचं, म्हणून सगळं बरोबर वाटलं. यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांच्या चाचणीला, दहा जण एकदम बसले आणि सगळ्यांना पहिल्या माणसाचं नाव दिसायला लागलं. कॅशमध्ये तयार पान ठेवलं जातं आणि ते कुणासाठी तयार झालं होतं याचा त्यात विचार नसतो. खूण काढली की प्रश्न सुटतो, पण मग प्रत्येक वेळी सूचना नव्याने तयार होते आणि सर्व्हरवर भार येतो. माझ्या मते माणसागणिक बदलणारी गोष्ट मजकुराच्या टेम्प्लेटमध्ये आणूच नये. तिची जागा थीममध्ये, म्हणजे अख्ख्या साइटचं रूप ठरवणाऱ्या भागात. नावाचं ठीक आहे, उद्या त्या जागी कुणी खात्यातली शिल्लक दाखवली तर काय होईल, याचा विचार करा.

आता साइट टेम्प्लेट. नव्वद शाखांच्या साइट एकाच साच्यातून काढल्या होत्या आणि ‘साच्यातले बदल साइटवर उतरू द्यावेत’ हा पर्याय चालू होता. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही साच्यात एक पान वाढवलं आणि मेनूचा क्रम बदलला. दोन शाखा उघडून पाहिल्या, बदल उतरलेला दिसला, घरी गेलो. सोमवारी सकाळी साडेनऊनंतर पोर्टल रांगायला लागलं. हे बदल साच्यात सेव्ह करताक्षणी सगळीकडे जात नव्हते. त्या त्या साइटवर कुणीतरी पहिल्यांदा आलं, की तेव्हा तिथे उतरत होते. शनिवार-रविवार शाखा बंद. सोमवारी नव्वद शाखांनी एकाच अर्ध्या तासात दार उघडलं आणि प्रत्येक दाराशी साच्याची नक्कल उतरवण्याचं काम सुरू झालं. काउंटरवर माणसं उभी आणि कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय, असा तो तास होता. तो मला आजही आठवतो आणि वाईट वाटतं.

त्यानंतर आम्ही छोटी स्क्रिप्ट केली. साच्यात बदल केला, की रात्री ती एकेक साइट सावकाश उघडत जायची. सकाळपर्यंत सगळीकडे बदल उतरलेला असायचा.

याच पर्यायाची दुसरी बाजू मुलाखतीत हमखास विचारतात. शाखेच्या ॲडमिनला पानं बदलण्याची मुभा दिली आणि त्याने साच्यातून आलेलं पान स्वतः बदललं, तर त्या पानाचं साच्याशी नातं तुटतं. साच्यातले पुढचे बदल तिथे येत नाहीत. ‘रीसेट’ केलं तर नातं परत जुळतं, पण त्याने केलेले बदल पुसले जातात. म्हणून काय मोकळं ठेवायचं आणि काय कुलूपबंद ठेवायचं, हे साचा बनवतानाच ठरवा. आम्ही शेवटी असं केलं, की पानं सगळी बंद आणि प्रत्येक पानावर शाखेसाठी राखीव एक जागा, जिथे मजकूर त्यांचा. शाखांची कुरकुर झाली. ती मला रास्तच वाटली, म्हणून ती जागा पुढे मोठी केली.

सांभाळण्याच्या बाबतीत काही गोष्टी पटापट सांगतो. सगळ्या साइटना लागणारी स्ट्रक्चर आणि टेम्प्लेट ‘ग्लोबल’ या सामाईक जागेत ठेवा, नाहीतर एकाच सूचनेच्या सात आवृत्त्या सात साइटवर सापडतात. टेम्प्लेट बदलण्याचा अधिकार दोन-तीन माणसांपुरताच ठेवा. टेम्प्लेट पडद्यावरच्या एडिटरमध्ये लिहिता येतं म्हणून तिथेच लिहीत राहू नका. फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, ठेवा आणि तिथून चढवा. डेव्हवरून, म्हणजे आपण काम करतो त्या सर्व्हरवरून, यूएटीला, तिथून प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या चालू साइटवर, नेताना ‘लार’ ही लाइफरेची निर्यात केलेली फाइल वापरतात. ती ज्या आवृत्तीतून काढली त्याच आवृत्तीत चढवायची, ६.२ची लार ७ मध्ये ढकलायची नाही.

आवृत्ती बदलताना टेम्प्लेटच सगळ्यात जास्त वेळ खातात. आम्ही ६.२ वरून ७.० वर गेलो तेव्हा सगळ्या तारखा बिघडल्या, कारण आधी तारखेचं फील्ड मिलिसेकंदांचा लांबलचक आकडा द्यायचं आणि आता वर्ष-महिना-दिवस असा मजकूर द्यायला लागलं. त्यात पानाच्या मांडणीसाठीचं बूटस्ट्रॅप २ जाऊन ३ आलं, म्हणजे रकान्यांचे क्लासही बदलले. ज्या टेम्प्लेटमध्ये तारीख छापायचं काम एकाच जागी, एका छोट्या मॅक्रोमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या कोडच्या तुकड्यात, ठेवलं होतं, तिथे दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. जिथे पानोपानी डकवलं होतं, तिथे दोन आठवडे गेले.

शिकायची सुरुवात कुठून करायची, हे बरेच जण विचारतात. लाइफरेची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे, टॉमकॅट या सर्व्हरसकट मिळते, लॅपटॉपवर चालते. १६ जीबी रॅम असेल तर बरं. सोबत येणारा हायपरसॉनिक डेटाबेस फक्त बघण्यापुरता, लगेच पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल जोडा. जावा येत नाही म्हणून थांबू नका. एचटीएमएल, सीएसएस आणि फ्रीमार्कर एवढ्यावर पहिले सहा महिने भक्कम काम करता येतं, जावा मग गरजेनुसार आत ओढतंच. आपल्या गावच्या ग्रंथालयाची काल्पनिक साइट करा. पुस्तक, कार्यक्रम, सूचना अशी तीन स्ट्रक्चर. मग घरातल्या कुणाला तरी, संगणकाची फार सवय नसलेल्याला, एक कार्यक्रम भरायला बसवा आणि मध्ये बोलू नका. तो कुठे अडखळतो ते वहीत लिहा. मुलाखतीला आलेल्या मुलीने अशी वही दाखवली, तर मी तिला बाकीचे प्रश्न कमीच विचारेन.

जुनी टेम्प्लेट काढून टाकण्याचं काम कुणालाच नको असतं. लाइफरे वापरात असलेलं स्ट्रक्चर डिलीट करू देत नाही, ते बरंच आहे. माझं ते उपशीर्षक एक, उपशीर्षक दोनवालं स्ट्रक्चर नावापुढे ‘जुने, वापरू नये’ लिहून चार वर्षं तसंच पडून होतं. शेवटी पाहिलं तर त्यावर तीनच सूचना उरल्या होत्या, तिन्ही मुदत संपलेल्या. त्यातली एक त्याच शाखेतल्या मॅडमनी प्रशिक्षणाच्या दिवशी माझ्यासमोर भरलेली होती. उपशीर्षक दोनमध्ये त्यांनी शाखेचा फोन नंबर लिहिला होता.