एडीएचडीवाल्या मुलांचे आईबाबा, या चुका आम्ही केल्या, तुम्ही टाळा

मुलगा आता 9 वर्षांचा आहे, एडीएचडी (म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, असा मेंदूच्या वाढीशी संबंधित त्रास) कळून दोन वर्षं झाली. भांडुपला वन बीएचके, आम्ही दोघंही लोकल पकडून ऑफिसला जाणारे, त्यामुळे सकाळी नुसता आरडाओरडा. मी किचनमधून एका दमात सांगायचे, दात घास, युनिफॉर्म घाल, बॅग भर, बाटली घे, आणि पंधरा मिनिटांनी बघते तर हा एका पायात मोजा घालून ग्रिलवरचं कबुतर बघत बसलेला. मला वाटायचं मुद्दाम करतोय, आणि हीच सगळ्यात मोठी चूक. चार सूचना एकत्र डोक्यात धरून ठेवणं त्याला खरंच जमत नाही हो. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच काम सांगा, झालं की लगेच शाबासकी, मग पुढचं. आम्ही बाथरूमच्या दारावर ब्रश, शर्ट, मोजे, डबा अशी चित्रं चिकटवलीत. मोजे अजून राहतात कधीकधी, पण रडारड थांबलीय.

शिक्षा साठवून ठेवू नका. बुधवारी मस्ती केली म्हणून रविवारची चौपाटी कॅन्सल, याचा काही उपयोग होत नाही. बक्षीसही तसंच, वार्षिक परीक्षेनंतरची सायकल फार लांब असते. दहा मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं उड्या, हे चालतं.

"कार्टून तासभर बघतो की, मग अभ्यासालाच कसं लक्ष लागत नाही?" हे आमच्या सासूबाई रोज म्हणायच्या. आवडीच्या गोष्टीत ही मुलं रमतात, त्यावरून त्याला काही नाहीये असं ठरवू नका. आणि लाडाने, साखरेने एडीएचडी होत नाही, बऱ्याचदा ते घराण्यातच असतं, तेव्हा आईला दोष देणं आधी बंद करा प्लीज.

औषधाचं नीट ऐका. 6 वर्षांखालच्या मुलांसाठी आधी मुलाला कसं हाताळायचं याचं आईवडिलांचं ट्रेनिंग, औषधाचा विचार नंतर. मुलाला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट नावाची गोळी आहे, तिने भूक कमी होते, झोप बिघडू शकते, म्हणून आम्ही घाबरून ती परस्पर बंद केली होती. तसं करू नका, डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा वेळ बदलतात, वजन-उंची बघत राहतात. आता तो भरपेट नाश्ता करून गोळी घेतो. प्रायव्हेटची फी परवडत नाही म्हणून थांबूही नका, मुंबईत सायन, नायर, केईएम या महापालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत.

शाळेपासून वर्षभर लपवलं याचं मला अजून वाईट वाटतं. तो खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसायचा आणि रोज डायरीत लाल शेरा. सांगितल्यावर बाईंनी पुढे बसवलं, फळा पुसायचं काम दिलं, तेवढंच उठायला मिळतं. लिहिण्या-वाचण्यातही अडत असेल तर लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करून घ्या, दोन्ही एकत्र असणं कॉमन आहे.

आणि दोघांनी एकाच वेळी त्याच्यावर ओरडायचं नाही. आमच्याकडे ज्याचा पेशन्स संपतो तो सोसायटीखाली एक चक्कर मारून येतो, तोवर दुसरा गृहपाठ घेतो.