डायबेटिक फूट आणि ऑक्सिजन चेंबर: या चुका टाळा

मधुमेहात पायाची जखम (डायबेटिक फूट) भरत नाही म्हटलं की कुणीतरी हायपरबेरिक ऑक्सिजन सुचवतं. बंद चेंबरमध्ये, नेहमीच्या हवेच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. दीड-दोन तासांचं एक सत्र, अशी साधारण २० ते ४०. स्वीडनमधल्या २०१०च्या चाचणीत वर्षभरात ५२ टक्के रुग्णांची जखम भरली, चेंबरमध्ये नुसती हवा घेणाऱ्यांत २९ टक्के. नेदरलँड्सच्या २०१८च्या चाचणीत मात्र ठोस फायदा सिद्ध झाला नाही. म्हणजे हा जोडउपचार आहे, आणि तोही निवडक रुग्णांसाठी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पायाचा रक्तपुरवठा न तपासताच सत्रं सुरू करणं. ऑक्सिजन जखमेपर्यंत जातो तो रक्तातूनच. घोट्यापाशी मोजलेला रक्तदाब ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मधुमेहात धमन्या कॅल्शियमने कडक होतात आणि आकडा खोटाच चढतो. पायाच्या अंगठ्याचा दाब किंवा जखमेजवळच्या त्वचेतला ऑक्सिजन मोजून मागा. धमनी तुंबलेली असेल, तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार आधी.

दुसरी चूक घरोघरी होते. तळव्याला जखम, आणि माणूस चेंबरमधून उठून त्याच पायावर भार टाकत घरी जातो. पायात संवेदना नसल्याने दुखत नाही, म्हणून चालणं थांबत नाही. भार काढणारं प्लास्टर किंवा खास बूट नसेल, तर सत्रांचे पैसे पाण्यात. मेलेली कातडी काढणं आणि हाडापर्यंत गेलेल्या जंतुसंसर्गावर इलाज, हेही चेंबर करत नाही.

सत्राच्या दिवशी उपाशी जाऊन इन्सुलिन घेऊ नका. आत साखर उतरते, म्हणून आधी तपासतात. खोबरेल तेल, व्हॅसलीन, अत्तर, नायलॉनचे कपडे, मोबाईल बाहेरच: शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पुरते. कान दुखू लागला तर लाजू नका, लगेच सांगा. दाब वाढवणं थांबवता येतं. फुफ्फुसाभोवती हवा साठल्याचा त्रास असेल, तर तो बरा होईपर्यंत चेंबर नाहीच.

घरी फुगवायच्या मऊ चेंबरमध्ये दाब जेमतेम १.३ पट असतो. तो हा उपचार नव्हे, जाहिरात काहीही म्हणो.

बऱ्याच सत्रांनंतर लांबचं धूसर दिसलं, तर लगेच नवा चष्मा करू नका. नंबर सहसा काही आठवड्यांत पूर्ववत होतो.